गाळायचे शब्द

आमच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या मॅडमना पोरं 'ढगवाल्या मॅडम' म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. मी संगणकाचा मास्तर. तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, एकवीस संगणकांच्या संगतीत माझी सगळी नोकरी सरली. त्यांतले चौदा चालू असायचे. कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाच्या भिंतीवर चित्र उलटं दिसलं, की सगळ्यांनी मला हाक मारायची. मी कुरकुरत जायचो. कुरकुर केली नाही तर लोक दिवसातून सहा वेळा बोलावतात.

मॅडमचे ढग मात्र संगणकाच्या आधीपासूनचे. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या ते फळ्यावर खडूने करायच्या. धडा वाचून झाला की पुस्तकं मिटायची, आणि प्रत्येकाने मनात राहिलेला एक शब्द सांगायचा. पहिल्यांदा आलेला शब्द त्या बारीक लिहायच्या. तोच शब्द दुसऱ्या कुणी सांगितला की पुसून जरा मोठा, तिसऱ्याने सांगितला की अजून मोठा. तास संपेपर्यंत फळ्यावर लहानमोठ्या शब्दांचा ढग जमायचा आणि मॅडमचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा व्हायचा. मी एकदा दारातून पाहिलं होतं. नदी, होडी आणि म्हातारा नावाडी असलेला कुठलासा धडा होता. लेखकाने पानभर नावाड्याचं कौतुक केलं होतं. पोरांच्या ढगात सगळ्यात मोठा शब्द आला 'भीती'. धड्यात तो एकदाच होता. मॅडम खडू हातात घेऊन बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी तोच धडा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकवला. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

मग कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि तडक माझ्या खोलीत उतरल्या.

"सर, हे यंत्राने होतं म्हणे. मजकूर आत टाकायचा, जो शब्द जास्त वेळा आलाय तो मोठा दिसतो."

"होत असेल," मी म्हणालो. "पण मला वेळ नाही."

"मी थांबते ना," असं म्हणून त्या स्टूल ओढून बसल्या. त्या बाईंना नाही म्हणणं कुणाला जमलेलं मी तरी पाहिलं नाही.

पहिला ढग काढला तो अगदीच फसला. 'आणि', 'आहे', 'होता', 'मग' हे चार शब्द भिंतभर पसरले आणि बाकी सगळे त्यांच्या फटींत मुंग्यांसारखे चिकटून बसले. पोरं खो खो हसली. अशा बिनकामाच्या शब्दांची यादी यंत्राला द्यावी लागते, म्हणजे ते त्यांना गाळून उरलेल्यांचा ढग करतं. मॅडमनी ती यादी स्वतः केली. रेघांच्या वहीत, ताठ अक्षरात, एकशे चाळीस शब्द, प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर. टाइप मी केले. तेही दोनदा, कारण एक यादी माझ्या खोलीतल्या संगणकात आणि एक मॅडमच्या वर्गातल्या. दोघांना जोडायची सोय नव्हती. एक शब्द वाढला की मी खाली टाइप करायचा आणि मग जिना चढून वर टाइप करायचा. माझे गुडघे तेव्हापासून बोलायला लागले.

त्या यादीत चार ओळी होत्या: आई, आईने, आईला, आईचा.

"मॅडम, आई कशाला गाळायची?" मी विचारलं होतं.

"अहो, प्रत्येकाच्या निबंधात ती इतकी मोठी येते की बाकीचे शब्द चिरडून जातात. मुलांना दुसरं काही दिसतच नाही."

पटण्यासारखं होतं. मी टाइप केलं आणि विसरलो.

त्यांचं शिकवणं बघण्यासारखं असायचं. प्रोजेक्टर बिघडल्याच्या निमित्ताने मी मागच्या बाकावर कितीदा बसून राहिलो आहे. पोरांचे निबंध त्या ढगात टाकायच्या. एका मुलाचा निबंध टाकला तर 'खूप' हा एकच शब्द मावेना. तो स्वतःच ओरडला, "बापरे, मी इतक्या वेळा खूप लिहितो?" आणि त्या दिवसापासून त्याचं 'खूप' सुटलं. लाल पेनाने दहा वर्षं सांगून जे झालं नसतं ते दोन मिनिटांत झालं. कधी भिंतीवर नुसता ढग असायचा आणि हा आपल्यापैकी कुणाचा, हे मुलांनी ओळखायचं. ओळखून झालं की त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला: "मोठे शब्द काय, कुणालाही दिसतात. आता सांगा, यायला हवा होता आणि आला नाही, असा कोणता शब्द?"

मुख्याध्यापकांनाही एकदा हुक्की आली. वर्षाच्या भाषणाचा ढग करून द्या म्हणाले, चौकट करून केबिनमध्ये लावायचाय. आम्ही केला तर मधोमध, हातभर लांबीचा शब्द: 'माझ्या'. माझ्या शाळेत, माझ्या काळात, माझ्या प्रयत्नांनी. मी पोट धरून हसलो. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, वही उघडली आणि यादीत 'माझ्या' वाढवला. नवीन ढगात 'शाळा' मोठी आली. मुख्याध्यापक इतके खूश झाले की त्यांनी आम्हाला चहा पाजला, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"एक शब्द गाळला की माणूस किती चांगला दिसतो बघा," मॅडम जिना उतरताना म्हणाल्या. तेव्हा मी फक्त हसलो होतो.

त्यांच्या घरचं मला फारसं माहीत नव्हतं. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी, ती मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला, इतकंच. एका रविवारी शाळेत परीक्षेचं काम होतं. मॅडमचा फोन वाजला. त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून त्या फोन टेबलावर ठेवून स्पीकरवरच बोलायच्या.

"मॅडम, बऱ्या आहात ना?" पलीकडून बाईचा आवाज आला. "रक्तदाबाच्या गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"घेते. तू?"

"मी ठीक. जरा गडबडीत आहे. पुढच्या रविवारी करते. काळजी घ्या."

फोन बंद झाला. मी म्हणालो, "जुनी विद्यार्थिनी वाटतं? बघा, आजकाल अशी आठवण कोण ठेवतं!"

"हो," मॅडम उत्तरपत्रिका सारख्या करत म्हणाल्या. "माझी मुलगी आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी प्रिंटर उघडून बसलो. प्रिंटरला काही झालेलं नव्हतं.

मॅडमची निवृत्ती दोन महिन्यांवर आली तेव्हाची गोष्ट. सहावीत एक मुलगी होती, अबोल, दोन वेण्यांची. तिची आई नोकरीसाठी लांब गेली होती आणि सुट्टीतच यायची. त्या दिवशी 'माझा आवडता दिवस' असा निबंध होता. एकेकाचा ढग भिंतीवर येत होता. या मुलीचा आला. स्टेशन, पिशवी, रिक्षा, वेणी, सकाळ. मुलगी उभी राहिली.

"मॅडम, माझा शब्द कुठे गेला?"

"कुठला गं?"

"आई. मी सगळ्यात जास्त तोच लिहिला होता. तुम्हीच म्हणाला होता, जास्त वेळा लिहिलेला मोठा होतो. मोजून बघा ना. तेवीस वेळा आहे."

मला हे नंतर पोरांकडून कळलं.  मॅडमनी म्हणे वही हातात घेतली, बोट ठेवत ठेवत सगळा निबंध वाचला, आणि एका मुलाला मला बोलवायला पाठवलं. मी नेहमीसारखा बडबडत वर गेलो. मॅडमचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं.

"सर, यादीतून आई काढून टाका," त्या म्हणाल्या. "चारही ओळी. आत्ता."

मी काढल्या. ढग पुन्हा केला. भिंतीवर 'आई' आली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्टेशन आणि रिक्षा तिच्या पायाशी कुठेतरी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती अबोल मुलगी खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसत होती की रडत, ते मला दिसलं नाही.

शाळा सुटली तरी मॅडम वर्गातच होत्या. प्रोजेक्टर बंद करायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या थोडा वेळ." मी शेजारच्या बाकावर बसलो. भिंतीवरच्या त्या शब्दाकडे बघत त्या बोलायला लागल्या. त्यांना एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मुलगी याच शाळेत, त्यांच्याच वर्गात होती. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं: शाळेच्या दारातून आत आलीस की मी मॅडम, आई घरी. लोक म्हणायला नकोत की मॅडम स्वतःच्या मुलीचे लाड करतात. पोरगी शहाणी. ती दारापर्यंत आई, आई करत यायची आणि आत पाऊल टाकलं की चूप. सातवीत 'माझं घर' असा निबंध दिला होता. तिने एका पानात अकरा वेळा 'आई' लिहिलं.

"मी तो वर्गात वाचून दाखवला," मॅडम म्हणाल्या. "चुकीचा नमुना म्हणून. एकच शब्द किती वेळा यावा, दुसरे शब्द संपले का, असं काहीबाही बोलले. आणि लाल पेनाने दहा 'आई' खोडल्या. एक ठेवली. पोरं हसली. मला वाटलं, बघा, मी आपल्या मुलीलाही सोडत नाही. मान ताठ झाली होती माझी, सर."

"मग?"

"तिने निबंध सुधारून आणला. सुरेख होता. पैकीच्या पैकी मार्क दिले. आणि त्या संध्याकाळी घरी ताट वाढलं तर म्हणाली, पुरे, मॅडम. मला वाटलं रुसलीय, होईल दोन दिवसांत नीट. दोन दिवसांची बावीस वर्षं झाली. आजारी पडली तरी मॅडम. पहिला पगार हातात ठेवला तेव्हाही मॅडम. भांडली असती तर मी पाया पडले असते तिच्या. ती भांडतच नाही. सगळं करते. गोळ्या विचारते, पैसे पाठवते, वाढदिवसाला साडी येते. लोक म्हणतात, किती गोड, आईला मॅडम म्हणते. मी हसते. काय सांगू लोकांना? तो शब्द ऐकायला माझे कान आसुसलेत, सर. रस्त्यात कुणाचंही पोर आई म्हणून ओरडलं की मी मागे वळून बघते."

"म्हणून यादीत…"

"तीस पोरांचे ढग. रोज तीसदा भिंतीवर तोच शब्द. मला सोसेना. मी गाळून टाकला." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आता त्या एवढ्याशा पोरीचाही खोडला ना मी. दुसऱ्यांदा तेच केलं."

मला सांत्वन करता येत नाही. माझ्या बायकोचीही हीच तक्रार आहे. मी म्हणालो, "मॅडम, तुम्हीच सांगा ना तिला एकदा. फोन करून."

"काय सांगू? मला आई म्हण म्हणून? मागून घेतलेला शब्द काय कामाचा?"

त्या दिवसानंतर मला चैन पडेना. निरोपसमारंभाची जबाबदारी मी आपण होऊन अंगावर घेतली, तेव्हा अख्खी स्टाफरूम माझ्याकडे बघत राहिली. माझी कल्पना साधी होती. जुन्या-नव्या सगळ्या विद्यार्थ्यांनी मॅडमबद्दल चार ओळी माझ्या फोनवर पाठवायच्या, मी त्या सगळ्यांचा मिळून एक भलामोठा ढग करून छापून आणणार. शाळेच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या रजिस्टरमधून नंबर काढले. त्यात मॅडमच्या मुलीचाही होता. तीही विद्यार्थिनीच की. सगळ्यांना एकच निरोप गेला: जो शब्द जितक्या वेळा लिहाल तितका तो मोठा दिसेल.

दोनशे सत्तर निरोप आले. मी वाचत बसलो नाही. एकेक उचलायचा आणि फाइलमध्ये टाकायचा, उचलायचा आणि टाकायचा. माझ्या खोलीतल्या संगणकावर ढग केला, दुकानातून दाराएवढा छापून आणला आणि सभागृहात कापडाखाली झाकून ठेवला.

समारंभाच्या दिवशी मॅडम फिकट निळी साडी नेसून आल्या होत्या. मुलीने रजा मिळाली तर बघते असं सांगितलं होतं, म्हणून पहिल्या रांगेत कडेची एक खुर्ची त्यांनी स्वतःची पर्स ठेवून धरली होती. भाषणं झाली. मुख्याध्यापक बोलले, त्यात 'माझ्या' एकोणीस वेळा आलं, मी मोजलं. मॅडमची नजर अधूनमधून दाराकडे जात होती. शेवटच्या भाषणाच्या वेळी त्यांनी ती पर्स उचलून मांडीवर घेतली.

माझ्याजवळ वाकून हळूच विचारलं, "सर, सगळ्यांचे निरोप आले का?"

"आले."

"तिचाही?"

"आला असेल हो. दोनशे सत्तर आहेत, मी कुठे वाचत बसलोय."

कापड ओढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मधोमध 'मॅडम', माणसाच्या उंचीचा शब्द. भोवती खडू, ढग, हसणं, भीती, वाचा, पुन्हा. कुणीतरी 'छडी'ही लिहिली होती. मॅडम उठल्या. चष्मा लावून त्या ढगाच्या अगदी जवळ गेल्या आणि डावीकडच्या कोपऱ्यापासून वाचू लागल्या. बारीकात बारीक अक्षरापर्यंत वाकून वाचत होत्या. लोकांना वाटलं, केवढ्या भारावल्यात. त्या काय शोधत होत्या ते त्या सभागृहात मला एकट्याला माहीत होतं. उजव्या टोकाला पोचल्या, क्षणभर थांबल्या, मग वळून सगळ्यांना हात जोडले. "सगळे शब्द आले हो," म्हणाल्या. त्यांचा शेवटचा ठरलेला प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही.

लोक पांगले. मी खाली येऊन खुर्चीत पडलो. एवढा खटाटोप करून मी त्या बाईला काय दिलं, तर पोरीने इथेही लिहिलं नाही याचा दाराएवढा छापील पुरावा. चिडून मी फोन उघडला. मुलीचा नंबर शोधला. निदान काय लिहिलंय ते तरी बघावं. मॅडम, काळजी घ्या, असंच असणार.

तिचा निरोप समोर आला. त्यात एकच शब्द होता, एकाखाली एक.

आई. आई. आई. आई.

 मी संगणकावरची यादी उघडली. एकशे अठ्ठावीस, एकशे एकोणतीस, एकशे तीस, एकशे एकतीस. आई, आईने, आईला, आईचा. त्या दिवशी मी वरच्या, वर्गातल्या संगणकातून त्या ओळी काढल्या होत्या. खालच्या उद्या काढू म्हटलं होतं. दोन महिने तो उद्या उजाडला नव्हता.

जिना मी कसा चढलो ते माझ्या गुडघ्यांनाच माहीत. मॅडम त्यांच्या वर्गात होत्या. फुलांचे गुच्छ टेबलावर पडले होते आणि त्या कोरा फळा पुन्हा एकदा पुसत होत्या.

"मॅडम, मी गाढव आहे," मी म्हणालो आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "हा आला होता. मशीनने गाळला. म्हणजे मीच गाळला. यादी खाली तशीच राहिली होती."

त्यांनी डस्टर खाली ठेवलं. हात पदराला पुसले आणि फोन घेतला. माझी अपेक्षा होती की त्या रडतील. त्या मोजायला लागल्या. पडद्यावर बोट ठेवून, एकेक ओळ खाली सरकत, पोरांचे निबंध तपासताना मोजायच्या तशा.

"अकरा," त्या म्हणाल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. "अकराच आहेत, सर. मी दहा खोडल्या होत्या."

मग त्या खुर्चीवर बसल्या, माझा फोन माझ्या हातात दिला आणि पर्समधून स्वतःचा काढला. नंबर लावताना त्या दोनदा चुकल्या. फोन टेबलावर, फुलांच्या मध्ये ठेवला. तीन वेळा वाजला.

"हॅलो? मॅडम? झाला का कार्यक्रम? सॉरी, मला सुट्टीच…"

"मॅडम आज निवृत्त झाल्या गं," त्या म्हणाल्या. "आई बोलतेय."

 मी दाराकडे निघालो होतो, तिथेच थांबलो.

"दमलीस का गं, आई?"

 मॅडम नुसती मान हलवत होत्या, जणू फोनला दिसतंय. मी दार हळूच ओढून घेतलं, जिना उतरलो आणि खालच्या यादीतल्या चारही ओळी खोडल्या.